आई बी, बाबा ए, मुलगी ओ : लपलेला गुण जातो कुठे?

निळीशाई:
नमस्कार मंडळी. एका फॉर्मवर मुलीचा रक्तगट लिहायचा होता म्हणून तपासून घेतला. माझा बी पॉझिटिव्ह, नवऱ्याचा ए पॉझिटिव्ह, आणि लेकीचा आला ओ पॉझिटिव्ह. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी चारचौघांत विचारलं, "हा तिसराच गट कुठून आला गं?" प्रश्न साधा होता, पण त्यातला काटा सगळ्यांना टोचला. डॉक्टर म्हणाले, "होऊ शकतं असं," आणि लगेच पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मला पुरावा नकोय, मला समजून घ्यायचंय. शाळेत मेंडेल, वाटाणे, ३:१ सगळं घोकलं होतं. पण ते ३ कशाचे आणि १ कशाचा, हे आज कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. लेक बारा वर्षांची आहे. ती विचारते, "आई, तुझ्यात ओ नाही, बाबांत ओ नाही, मग माझा ओ कुणाचा?" हिला काय सांगू? आणि मुळात हे कोडं पहिल्यांदा कुणी सोडवलं?

कंदील:
आधी उत्तर, म्हणजे जीव भांड्यात पडेल. प्रत्येकाकडे रक्तगटाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. तुमच्याकडे 'बी' आणि 'ओ', यजमानांकडे 'ए' आणि 'ओ'. रक्त तपासलं की तुमच्यातला बी दिसतो, त्यांच्यातला ए दिसतो, ओ दिसत नाही. मुलाला देताना दोघंही दोनपैकी एकच प्रत देतात. दोघांनीही ओ दिला की मूल ओ. अशा जोडप्याला एबी, ए, बी, ओ यांपैकी कुठल्याही गटाचं मूल होऊ शकतं, चारही शक्यता सारख्याच. लेकीला सांगा, तुझा एक ओ आईचा आणि एक बाबांचा.

पारिजात:
कंदील, छान सांगितलंत. निळीशाई, त्या बाईंचं बोलणं वाचून वाईट वाटलं. माझ्या मावशीने अशाच एका प्रश्नापायी कित्येक वर्षं मान खाली घालून काढली. तिला तेव्हा हे कुणी समजावून सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

जुनंखोड:
आपल्याकडे म्हणतातच, खाण तशी माती. माणसाला हे पहिल्यापासून दिसत होतं, कोडं होतं ते 'कसं' याचं. मेंडेलच्या काळापर्यंत बहुतेकांचा समज असा, की आई-वडिलांचे गुण दोन रंगांसारखे एकमेकांत मिसळतात. काळा आणि पांढरा मिळून करडा. आता करड्यातून काळा परत वेगळा काढता येतो का? नाही. पण नातवाचं नाक हुबेहूब आजोबांवर गेलेलं सगळ्यांना दिसत होतं, आणि मिसळण्याच्या हिशोबात ते बसत नव्हतं.

डार्विनलाही हे छळत होतं. नवा उपयुक्त गुण दर पिढीला निम्मा पातळ होत गेला तर निसर्ग निवडणार काय? १८६७ मध्ये फ्लीमिंग जेनकिन नावाच्या अभियंत्याने नेमका हाच आक्षेप घेतला. डार्विनने १८६८ मध्ये उत्तर सुचवलं, की शरीराच्या प्रत्येक भागातून सूक्ष्म कण निघतात आणि प्रजननपेशींत गोळा होतात. त्याचा मामेभाऊ... चुकलो, आतेमामे नात्यातला गाल्टन, त्याने हे तपासायला एका जातीच्या सशांचं रक्त दुसऱ्या जातीच्या सशांना दिलं आणि पिल्लांवर फरक पडतो का पाहिलं. पिल्लं होती तशीच निघाली.

रानवाट:
वाटाण्यांचा विषय निघालाय, तर मला राहवत नाही. मी गेल्या वर्षी बाल्कनीत कुंड्यांमध्ये मेंडेलचा एक संकर स्वतः करून पाहिला. पुस्तकात एका ओळीत संपतं ते, हातात घेतलं की कळतं.

वाटाण्याचं फूल पतंगासारखं असतं. वर मोठा ध्वजक, बाजूला दोन पंख, आणि मधे दोन पाकळ्या जुळून झालेली होडी, म्हणजे नौतल. दहा पुंकेसर आणि बीजांडकोश या होडीत बंद. फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागण उरकलेलं असतं, म्हणून वाटाणा पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहतो. संकर करायचा तर कळी हिरवट असतानाच चिमट्याने होडी चिरायची आणि दहाच्या दहा परागकोश खुडायचे. एक जरी राहिला तरी सगळं फुकट. मग दुसऱ्या झाडाचे पराग ब्रशने कुक्षीवर लावायचे आणि फुलावर पिशवी बांधायची. मी बारा फुलं केली, धरली पाच. पहिल्या दिवशी तर हात इतका थरथरत होता की कुक्षीच मोडली.

मेंडेलने हे १८५६ ते १८६३, आठ हंगाम केलं. त्याआधी दोन वर्षं बियाणेवाल्यांकडून आणलेले ३४ वाण नुसते लावून पाहिले, शुद्ध आहेत का म्हणून. त्यातले २२ ठेवले.

मुक्ता_वाचते:
रानवाट, फोटो टाका ना! आणि निघालं काय त्यातून?

रानवाट:
पिवळ्या दाण्याच्या आणि हिरव्या दाण्याच्या वाणाचा संकर केला होता. पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे. हिरवा दिसेनासा झाला. ते दाणे यंदा लावलेत, शेंगा भरल्या आहेत, अजून वाळायच्यात. फोडल्या की इथेच सांगेन.

अंकगणित:
निळीशाई, तुमचे ३ आणि १ आता सांगतो. मेंडेलने पिवळा आणि हिरवा यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे पिवळे. त्या पिढीला स्वतःच्याच परागाने फळू दिलं. २५८ झाडांवरून ८०२३ दाणे मिळाले. ६०२२ पिवळे, २००१ हिरवे. गोल आणि सुरकुतलेले यांच्यात ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. जांभळी आणि पांढरी फुलं, ७०५ आणि २२४. त्याने तपासलेल्या सातही गुणांत तीनास एकच्या आसपास.

माझ्या मते खरी कमाल पुढे आहे. त्या पिवळ्यांची पुढची पिढी घेतल्यावर दिसलं, की तीन पिवळ्यांतला एक शुद्ध आहे आणि दोघांच्या पोटात हिरवा लपलेला आहे. म्हणजे ३:१ च्या खाली १:२:१ आहे. त्याने अक्षरं वापरली, दिसणाऱ्या म्हणजे प्रभावी गुणाला मोठा ए आणि लपणाऱ्या म्हणजे अप्रभावी गुणाला छोटा ए. गुण मिसळत नाही, तो सुट्या एककाने जातो. हिरवा एक पिढी दिसला नाही, आणि परत आला तेव्हा तितकाच हिरवा होता, पोपटी झालेला नव्हता. तुमच्या लेकीचा ओ तसाच आहे.

टिपूर:
हे मेंडेलच्या आधी कुणाला दिसलंच नाही का? वाटाणे तर जगभर लावत होते.

जुनंखोड:
दिसलं होतं की! इंग्लंडमध्ये टॉमस नाइटने १७९९ मध्ये वाटाण्यांचे संकर प्रसिद्ध केले. जॉन गॉसने १८२४ मध्ये लिहिलं, की एकाच शेंगेत दोन रंगांचे दाणे मिळाले. पण मोजले कुणी नाहीत. खुद्द डार्विनने स्नॅपड्रॅगनच्या नेहमीच्या आणि विचित्र आकाराच्या फुलांचा संकर केला, दुसऱ्या पिढीत ८८ झाडं नेहमीची, ३७ विचित्र आणि २ अधलीमधली आली. आकडे डोळ्यांसमोर होते, त्यांतलं गुणोत्तर त्याने शोधलं नाही. मेंडेलची तयारी वेगळी होती. तो १८५१ ते १८५३ व्हिएन्नाला शिकला, तिथे ख्रिश्चन डॉप्लरकडे भौतिकशास्त्र आणि फ्रान्झ उंगरकडे वनस्पतिशास्त्र. मोजायची सवय त्याला भौतिकशास्त्राने लावली असं मला ठामपणे वाटतं.

पारिजात:
मला शाळेत शिकवलं होतं, की मेंडेल हा मठातला एकटा साधू होता आणि बागकामाच्या छंदातून त्याला शोध लागला.

जुनंखोड:
पारिजात, हे चित्र मला मान्य नाही. शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८२२. मूळ नाव योहान, १८४३ मध्ये ब्रून, म्हणजे आजचं चेक प्रजासत्ताकातलं ब्रनो, तिथल्या सेंट थॉमस मठात गेल्यावर ग्रेगोर झाला. हे गाव लोकरीच्या धंद्याचं. चांगली लोकर देणारी मेंढी कशी पैदा करायची, यावर तिथले मेंढपाळ-मालक वर्षानुवर्षं वाद घालत होते. त्यांच्यातल्या इम्रे फेस्टेटिक्सने १८१९ मध्येच 'निसर्गाचे जेनेटिक नियम' असा शब्दप्रयोग केला होता. मठाचे प्रमुख सिरिल नॅप यांनी १८३७ मध्ये या मंडळींना सांगितलं, की खरा प्रश्न 'वारशाने काय जातं आणि कसं' हा आहे. याच नॅप यांनी मेंडेलला व्हिएन्नाला पाठवलं. माणूस कष्टाळू होताच, पण प्रश्न त्याला गावाने दिला होता.

मुक्ता_वाचते:
आणि तरी कुणी लक्ष दिलं नाही, हे खरं ना? मला याचं फार वाईट वाटतं.

कंदील:
खरं आहे. ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५, असे दोन दिवस त्याने ब्रूनच्या निसर्ग-अभ्यास मंडळापुढे निबंध वाचला. १८६६ मध्ये छापून आला. त्याने ४० सुट्या प्रती मागवल्या आणि मोठमोठ्या लोकांना पाठवल्या. म्युनिकच्या नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाशी तर काही वर्षं पत्रव्यवहार चालला. नेगेलीचं आवडतं झाड हॉकवीड, म्हणून मेंडेलने ते घेतलं. इवलीशी फुलं, भिंगाखाली काम करून डोळे दुखावले. आणि त्या झाडात नियम लागूच होईना, कारण हॉकवीड बहुधा परागणाशिवायच बी धरतं. आईची नक्कलच उगवते! तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. स्वतःचा नियम स्वतःच्याच हातात खोटा पडताना पाहणं, किती जड गेलं असेल.

१८६८ मध्ये तो मठप्रमुख झाला आणि मठावरच्या करावरून सरकारशी भांडण्यात पुढची वर्षं गेली. ६ जानेवारी १८८४ ला गेला. १९०० मध्ये द व्रीस, कोरेन्स आणि चेर्माक या तीन वनस्पतिशास्त्रज्ञांचं काम त्याच निष्कर्षांपाशी आलं, तेव्हा जगाला तो निबंध सापडला.

अंकगणित:
एक वादाचा मुद्दा मांडतो. १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशरने लिहिलं, की मेंडेलचे आकडे अपेक्षेशी गरजेपेक्षा जास्त जुळतात. एक उदाहरण पटण्यासारखं आहे. झाड शुद्ध की संकरित, हे ठरवायला मेंडेल त्याच्या दहा बिया लावायचा. दहाही प्रभावी निघाल्या तर शुद्ध. पण संकरित झाडाच्याही दहाच्या दहा बिया प्रभावी निघण्याची शक्यता तीन चतुर्थांशचा दहावा घात, म्हणजे साडेपाच टक्क्यांहून थोडी जास्त. म्हणजे काही संकरित झाडं शुद्ध म्हणून मोजली जाणारच आणि संकरित-शुद्ध यांचं प्रमाण २:१ पेक्षा थोडं कमी यायला हवं. मेंडेलचं मात्र २:१ च्या जवळ आलं.

जुनंखोड:
अंकगणित, इथे मी मेंडेलच्या बाजूने उभा आहे. त्याच निबंधात शेंगेच्या रंगाच्या प्रयोगात त्याला ६० संकरित आणि ४० शुद्ध मिळाले. फारच दूर गेले म्हणून त्याने प्रयोग परत केला, ६५ आणि ३५ मिळाले, आणि दोन्ही आकडे छापले. फसवणारा माणूस पहिला आकडा दडवतो.

अंकगणित:
मान्य. फसवलं असं मीही म्हणत नाही. सुरकुतलेला की गोल, असा सीमेवरचा दाणा हातात आला की मन आपल्या अपेक्षेकडे झुकतं, एवढंच म्हणायचंय. निष्कर्ष तर दीडशे वर्षं टिकून आहे.

सांजवेळ:
माझा अनुभव. माझे आजोबा (आईचे वडील) रंगांध होते, आई नाही, माझा भाऊ आहे, मी नाही. लहानपणी भाऊ लाल आणि हिरव्या खडूंची अदलाबदल करायचा आणि बोलणी खायचा. तो मुद्दाम करतो असं आम्हाला वाटायचं. मीही त्याला चिडवलंय, आणि त्याची मला आज खंत आहे. पुढे डोळे तपासले तेव्हा कळलं. हे 'एक पिढी सोडून' असं का जातं? आणि मुलांमध्येच का?

कंदील:
सांजवेळ, हे जनुक एक्स गुणसूत्रावर (गुणसूत्र म्हणजे पेशीतला जनुकांचा धागा) असतं. आईकडे दोन एक्स, एक बिघडलेला असला तरी दुसरा सांभाळून घेतो. मुलाकडे एकच एक्स, तोही आईकडूनच आलेला. त्यात बिघाड असला तर सांभाळणारा कुणी नाही. आजोबांनी त्यांचा एकमेव एक्स तुमच्या आईला दिला, आईने तो भावाला. तुम्ही बहीण असाल, तर तुमच्याकडेही तो असण्याची शक्यता निम्मी आहे.

हे पहिल्यांदा माशीने शिकवलं. १९१० मध्ये टॉमस मॉर्गन या शास्त्रज्ञाला फळमाश्यांच्या बाटलीत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. लाल डोळ्यांच्या मादीशी संकर केला, नातवंडांत पांढऱ्या डोळ्यांच्या ७८२ माश्या मिळाल्या. सगळ्या नर. एकही मादी नाही! जनुक गुणसूत्रावर बसलेलं असतं, हे त्यातून दिसलं.

टिपूर:
म्हणजे बुद्धी मुलाला आईकडूनच मिळते, हे खरंच आहे तर! एक्सवर असते म्हणे.

अंकगणित:
टिपूर, नाही. बुद्धीचं असं एक जनुक नाहीच. उंचीसारखी टेपने मोजता येणारी गोष्ट घ्या. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीवरून उंचीशी निगडित १२,१११ जागा डीएनएमध्ये सापडल्या. प्रत्येक जागा उंचीत जराशी भर घालते किंवा घट करते, वर पोषण वेगळंच. म्हणून उंची मिसळल्यासारखी दिसते. प्रत्येक जनुक मेंडेलच्याच नियमाने जातं, पण हजारो एकत्र आली की गुळगुळीत चढ-उतार दिसतो. १९१८ मध्ये हे गणिताने जुळवून दाखवलं त्याच फिशरने.

पारिजात:
जीभ गोल वळवता येणं तरी एका जनुकाचं ना? आम्ही वर्गात सगळ्यांनी जिभा काढून पाहिल्या होत्या. बाईंचीच वळत नव्हती, सगळा वर्ग त्यांना शिकवायला लागला.

कंदील:
तेही नाही. मॉर्गनचाच शिष्य स्टर्टेव्हंट याने १९४० मध्ये ते आनुवंशिक म्हणून मांडलं. १९५२ मध्ये हुबेहूब जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या, तर ७ जोड्यांत एकाची जीभ वळत होती आणि दुसऱ्याची नाही. पुढे स्टर्टेव्हंटनेच ते मागे घेतलं. तरी धड्यांतून जीभ काही निघत नाही. आणि काही मुलं उगाच शंका घेऊन घरी जातात, ही गोष्ट मला खरंच टोचते.

रानवाट:
एक प्रश्न मलाही. 'अप्रभावी' म्हणजे कमकुवत का? हिरवा पिवळ्यापुढे हरतो का?

कंदील:
हा या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न. हरत नाही. सुरकुतलेला वाटाणा घ्या. गोल दाण्यात एक विकर (एन्झाइम) असतं, ते साखरेपासून फांद्या फुटलेला स्टार्च बनवतं. सुरकुतलेल्यात त्या जनुकात डीएनएच्या सुमारे ८०० अक्षरांचा एक परका तुकडा घुसला आहे, त्यामुळे विकर बनत नाही. साखर तशीच राहते, दाणा जास्त पाणी ओढतो, फुगतो, आणि वाळताना साल सैल पडून चुण्या पडतात. हे १९९० मध्ये कळलं. संकरित दाण्यात एक प्रत चांगली असते, तेवढी पुरते, म्हणून दाणा गोल.

आता निळीशाईंचा ओ. ए जनुकाचं विकर लाल पेशीवरच्या साखरेच्या साखळीला एक साखर जोडतं, बीचं विकर दुसरी. ओच्या सर्वांत आढळणाऱ्या प्रकारात जनुकातलं एक अक्षर गळलेलं आहे, पुढचं वाचनच बिघडतं आणि विकर निकामी होतं. काहीच जोडलं जात नाही. पेशीवर चिन्ह नाही ती ओ. ए आणि ओ असलेल्या माणसात ए आपलं चिन्ह लावतो, ओ गप्प असतो, पण तो पुढच्या पिढीत जातो जसाच्या तसा. हेही १९९० मधलंच काम. वाटाणा आणि रक्त, दोन्हींचं कोडं एकाच वर्षी उकललं, मला याचा फार आनंद होतो.

जुनंखोड:
भर घालतो. रक्तगट लँडस्टायनर या डॉक्टरने १९०१ मध्ये मांडले. त्यांचा वारसा एकाच जागेवरच्या तीन पर्यायांनी चालतो, हे १९२४ मध्ये ठरवलं फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञाने. परत मोजणाराच! आणि एक अपवादही लक्षात ठेवावा. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक दुर्मीळ रक्तगट नोंदवला. त्यात ए-बीची चिन्हं जिच्यावर लागतात ती मूळ साखळीच नसते. अंगात ए किंवा बी असूनही तपासणीत माणूस ओसारखा दिसतो. म्हणून नुसत्या रक्तगटावरून कुणाच्या आईवर बोट ठेवू नये. कधीच नाही.

निळीशाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीला घेऊन बसले आणि चौकटी काढल्या. तिने खडूने मेंडेलसारखी अक्षरं लिहिली. मग ती म्हणाली, "आता पुरावा शोधू." माझ्या आईला फोन लावला, आई ओ. म्हणजे आईकडून मला ओशिवाय दुसरं काही मिळणं शक्यच नव्हतं, बी बाबांचा. सासरे आता नाहीत. पण कपाटात त्यांचं रक्तदानाचं जुनं कार्ड सापडलं, पिवळं पडलेलं, कोपरे दुमडलेले, शाई फिकट. त्यावर ठळक लिहिलं होतं ओ पॉझिटिव्ह. ज्यांनी तो प्रश्न विचारला होता त्या माझ्या आत्येसासूबाई, सासऱ्यांच्या सख्ख्या बहीण. त्यांनी ते कार्ड हातात घेतलं, पदराने पुसलं, आणि लेकीला जवळ ओढून म्हणाल्या, "दादाचं आहे होय गं हे तुझ्यात."

लेकीचा पुढचा प्रश्न : तिच्या मुलांचं काय?

अंकगणित:
ती दर वेळी ओच देणार, तिच्याकडे दुसरं काही नाही. जोडीदार एबी असला तर मुलं ए किंवा बी, ओ एकही नाही. आणि तिला एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा. चारात एक म्हणजे चार मुलांत नेमकं एक असं नव्हे. प्रत्येक खेपेला नाणी नव्याने उडतात, आधीच्या खेपेची त्यांना आठवण नसते.

सांजवेळ:
भावाला हा धागा वाचायला दिला. त्याने खडूंचा किस्सा वाचून मला फोन केला. खूप वेळ बोललो.

रानवाट:
आज सकाळी शेंगा फोडल्या. एका शेंगेत सात दाणे, पाच पिवळे आणि मधेच दोन हिरवेगार, शेजारी शेजारी. पहिल्या पिढीत ज्याचा मागमूस नव्हता तो हिरवा. मी ते दोन दाणे किती तरी वेळ तळहातावर घेऊन बसले होते. एकूण ४३ पिवळे, १७ हिरवे. निळीशाई, लेकीला सांगा, पुढच्या हंगामात पिवळ्यांतले शुद्ध कोणते ते शोधायचंय. मोजायला ती हवी.